बैठकीचा प्रश्न : वेगळ्या घडणीच्या दुचाकींचा एक दख्खनी आढावा

वाहनांचा इतिहास लिहिताना इंजिन, वेग आणि किंमत या तीन गोष्टींची नोंद हमखास होते. माणूस त्या वाहनावर बसला कसा, ही नोंद मात्र बहुधा राहून जाते. वस्तुतः बैठक बदलली की वाहनाचा सारा घाट बदलतो. बसणाऱ्याचा मान, त्याची ऐपत, तो किती दूर निघाला आहे आणि त्याच्यासोबत कोण आहे, हे सारे त्या एका गोष्टीत उमटते. आमच्या हैदराबादेत तर याचा फार ठळक दाखला आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस कंपनीकडे एक मोटार मागवली होती. १९११ साली ते निवर्तले आणि गाडी त्यांच्या मागून आली. १९१२ च्या घडणीची ती पिवळी सिल्व्हर घोस्ट 'सिंहासन-गाडी' म्हणून ओळखली जाते. वर घुमटाकार छत आणि मागे सिंहासनासारखी उंच बैठक. ती गाडी आयुष्यात काही शे मैलच चालली. पण एका माणसाला इतरांपेक्षा वर बसवायचे, या एका हेतूने तिचा सारा सांगाडा ठरला होता.

या लेखाचा विषय त्याच्या अगदी उलट टोकाचा आहे. ज्या दुचाकींनी माणसाला खाली, जमिनीलगत, पाय पुढे सोडून, ऐसपैस बसवले आणि लांब पल्ल्याला नेले, त्या दुचाकींचा आणि त्यांच्या घडणीत झालेल्या विलक्षण प्रयोगांचा हा आढावा आहे. विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेला थोडा परका वाटेल. परंतु आपल्या घरांच्या अंगणात, जिन्याखाली आणि जुन्या वाड्यांच्या देवड्यांत ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्याही आपल्या वास्तव्याच्या इतिहासाचा भाग आहेत, असे आम्ही मानतो. आणि हा भाग आपल्या डोळ्यांदेखत पुसला जात आहे, हे या लेखनामागचे खरे कारण आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केलेला बरा. 'क्रूझर' म्हणजे निवांत चालीची मोटारसायकल. तिची बैठक बुटकी असते, हँडल उंच व रुंद, पाय ठेवण्याच्या दांड्या पुढच्या बाजूला आणि पाठ जवळजवळ ताठ. ही पद्धत मूळची अमेरिकेची. सरळ, मोकळ्या आणि न संपणाऱ्या रस्त्यांवर ती वाढली. 'टूरिंग' म्हणजे प्रवासाची गाडी. तिला वारा अडवणारी काच, सामानाच्या पेट्या, मोठी टाकी आणि मागे बसणाऱ्यासाठीही तितकीच सुखाची जागा लागते. पहिलीत आरामाचा विचार अधिक, दुसरीत अंतराचा. पण दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. दोन चाकांवर माणसाने दिवसभर बसावे कसे?

या प्रश्नाला जगात जी उत्तरे शोधली गेली, ती पाहिली म्हणजे कल्पकतेचे कौतुक वाटते आणि तिच्या नशिबाची कीवही येते. १९२१ च्या सुमारास कार्ल नेरॅकर या अमेरिकन अभियंत्याने 'नेराकार' नावाची दुचाकी आणली. तिचा सांगाडा इतका खाली होता की चालक गाडीवर न बसता गाडीत बसल्यासारखा दिसे. पुढचे चाक नेहमीसारखे लांब चिमट्यात न धरता त्याच्या मध्यातूनच वळवण्याची तिच्यात सोय होती. अमेरिका आणि इंग्लंड मिळून ती हजारोंनी बनली, आणि तरीही एका दशकात इतिहासजमा झाली. त्याच काळात बोहेमियात आल्बिन लीबिश यांनी 'बोमरलँड' घडवली. तिच्या दोन चाकांमधले अंतर इतके मोठे होते की एकामागे एक तिघे जण रीतसर बैठकीवर बसू शकत. दुसऱ्या महायुद्धाने तो कारखाना बंद पडला. १९७० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडात माल्कम न्यूएल यांनी 'क्वेझार' केली. डोक्यावर छप्पर, समोर काच, आत मोटारीसारखी मागे रेलून बसण्याची सोय आणि इंजिन चक्क एका छोट्या मोटारीचे. अशा गाड्या पंचवीसही झाल्या नाहीत.

या तिन्ही गाड्या फसल्या म्हणून चुकीच्या होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. होंडा कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७२ साली तिच्या अभियंत्यांनी लांबच्या प्रवासासाठी १४७० सीसीची, आडव्या सहा सिलिंडरांची एक प्रायोगिक गाडी तयार केली. ती विक्रीला कधीच आली नाही. १९७४ साली जर्मनीतील कोलोन येथे जी 'गोल्ड विंग' लोकांसमोर आली, ती चार सिलिंडरांची होती. सहा सिलिंडरांची गोल्ड विंग बाजारात यायला १९८८ साल उजाडले. म्हणजे जी कल्पना पहिल्या वेळी अवजड ठरली, तिला सोळा वर्षांनी रस्ता, गिऱ्हाईक आणि कारखाना असे तिन्ही मिळाले. 'संकल्पना-गाडी' या प्रकाराचे खरे मोल येथे आहे. ती स्वतः यशस्वी व्हावी अशी अपेक्षा नसते. तिने एक प्रश्न नीट मांडावा आणि ती कोठेतरी जपली जावी, एवढेच पुरे असते. पुढच्या पिढीला तो प्रश्न तेथून उचलता येतो. यातला 'जपली जावी' हा भाग आपल्याकडे कसा निसटला, ते पुढे येईलच.

आता आपल्या देशाकडे वळू. परवान्यांच्या काळात भारतात दुचाकीच्या घडणीला फारसा वाव नव्हता. मोजके कारखाने, ठरवून दिलेले उत्पादन आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, अशा परिस्थितीत जे मिळेल ते गोड मानून घ्यावे लागे. आपल्या घरांचे लांब पल्ल्याचे वाहन म्हणजे स्कूटर, आणि नंतर कोठे मोटारसायकल. हैदराबादला या बाबतीत स्वतःचे असे एक पान आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या, सनतनगरच्या ऑल्विन कारखान्याने बसचे सांगाडे, लोखंडी कपाटे, फ्रिज आणि घड्याळे यांच्या जोडीने एक स्कूटरही काढली. तिचे नाव होते 'पुष्पक'. घडण लॅम्ब्रेटाच्या कुळातली होती. विलक्षण काही नव्हते. पण नाव ज्याने ठेवले त्याला आपल्या गिऱ्हाइकाची नेमकी पारख असली पाहिजे. पुष्पक विमानात कितीही जण बसले तरी एकाची जागा शिल्लक राहते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे उभे मूल, चालकामागे दुसरे, त्यामागे एका बाजूला पाय सोडून बसलेली गृहिणी आणि तिच्या मांडीवर तिसरे, अशा त्या काळच्या कुटुंबप्रवासाला याहून योग्य नाव सापडले नसते.

लीबिशने तिघांसाठी सांगाडाच लांब केला. आपण सांगाडा तसाच ठेवला आणि माणसे सामावून घेतली. परंतु म्हणून आपल्याकडे घडणीचा विचारच झाला नाही, असे नाही. तो कारखान्यापेक्षा गल्लीतल्या मिस्त्रीकडे अधिक झाला. मागची बैठक लांबवणे, तिला पाठ लावणे, टाकीपुढे मुलासाठी छोटी गादी बसवणे, स्टेपनीवर कॅरिअर चढवणे, पायांपुढे लोखंडी गार्ड लावणे, या सगळ्या घडणीतल्या सुधारणाच होत्या. त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे मागच्या चाकालगतची जाळी. तिला आपण सगळे 'साडी गार्ड' म्हणतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ व पाय ठेवायला जागा असावी, आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकलेला असावा. परदेशी बनावटीची मोठी क्रूझर आपल्याकडे विकायला आली की तिलाही ही जाळी लावून घ्यावी लागते. जगातल्या कोणत्याही नामवंत आरेखकाच्या कागदावर ही जाळी नव्हती. ती आपल्या नेसण्यातून आली आणि कायद्यात जाऊन बसली. आमच्या मते भारतीय दुचाकीच्या घडणीतले हे सर्वांत अस्सल वेगळेपण आहे.

कारखान्यांनी केलेल्या प्रयोगांतही एक असा आहे, ज्याची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. तो म्हणजे एनफील्डची डिझेल बुलेट. मद्रासच्या या कंपनीने आपल्या ओळखीच्या बुलेटच्या सांगाड्यात पेट्रोलच्या इंजिनाऐवजी ग्रीव्ज-लोम्बार्डिनीचे ३२५ सीसीचे छोटे डिझेल इंजिन बसवले. तिची शक्ती साडेसहा अश्वशक्तीच्या आसपास. गाडी थरथरे, काळा धूर सोडी, आणि तिला घाईचे नाव माहीत नव्हते. पण एका लिटर डिझेलमध्ये ती सत्तर किलोमीटरच्या आसपास जाई, आणि ते डिझेलही पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त. कारखान्यात रीतसर बनून विकल्या गेलेल्या डिझेल मोटारसायकली जगात मोजक्याच आहेत, त्यांत हिची गणना होते. अमेरिकेने 'टूरिंग' या शब्दात आराम पाहिला, जपानने यंत्राची सफाई पाहिली. या गाडीने एका रुपयात किती अंतर पार पडेल एवढाच हिशेब मांडला. दिसायला ती अगदी नेहमीची होती आणि कल्पना मात्र जगावेगळी. धुराचे नियम कडक होत गेले तशी शतकाच्या अखेरीस ती मागे पडली.

यानंतरचा अध्याय पुण्याचा आहे. बजाज ऑटो आणि जपानची कावासाकी यांचा सहयोग १९८० च्या दशकातला. १९८६ ची 'केबी १००' हे त्याचे एक प्रारंभीचे फळ. आमच्या वाचकांना हेही स्मरत असेल की बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली औरंगाबादजवळ, म्हणजे एकेकाळच्या निजाम राज्याच्याच भूमीवर उभा राहिला. २००१ साली या सहयोगातून 'एलिमिनेटर' आली. १७५ सीसीच्या वर्गातील ही गाडी संपूर्ण क्रूझरच्या घाटाची होती. अश्रूच्या थेंबासारखी टाकी, चकचकीत क्रोम, पुढे सोडलेले पाय आणि बुटकी बैठक. साध्या मोटारसायकलीच्या जवळपास दुप्पट किंमत असल्यामुळे ती थोड्यांनीच घेतली. त्याच दशकाच्या पूर्वार्धात फिरोदियांच्या कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंग कंपनीची २५० सीसीची 'अक्विला' आणली. तिला दोन सिलिंडरांचे इंजिन होते. तीही अगदी मर्यादित संख्येत विकली गेली. मद्रासकडून २००२ साली एनफील्डने 'थंडरबर्ड' दिली. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अवधीत तीन कारखान्यांना एकच गोष्ट सुचली होती, की भारतीय माणूस आता केवळ कचेरीला जाण्यासाठी गाडी घेणार नाही.

एलिमिनेटरचे पुढे जे झाले त्यात एक धडा आहे. २००५ साली बजाजने तिचा घाट तसाच ठेवला आणि आत आपल्याच 'पल्सर १८०' चे इंजिन बसवले. नाव बदलून 'अव्हेंजर' केले. किंमत खाली आली, सुटे भाग सर्वत्र मिळू लागले आणि तालुक्याच्या गावातला फिटरही ती खोलू लागला. २००७ साली २०० सीसीची आणि २०१० साली २२० सीसीची अव्हेंजर आली. जो घाट चार वर्षांपूर्वी श्रीमंतांची हौस वाटला होता, तोच लातूर-उदगीरच्या रस्त्यांवर दिसू लागला. यामागे किंमत हे कारण होतेच. पण दुसरे कारण बैठकीचे आहे. अव्हेंजरच्या पुढच्या आवृत्तीत बैठकीची उंची ७३७ मिलिमीटर होती. बुटक्या माणसाचे, वय झालेल्या माणसाचे आणि स्त्रीचेही दोन्ही पाय सिग्नलला जमिनीवर टेकत. अमेरिकेत जी बैठक ऐट म्हणून रुजली, ती आपल्याकडे सोय म्हणून स्वीकारली गेली. उसना घाट आपला कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाय पुढे सोडलेली बैठक सपाट रस्त्यावर सुखाची. खड्ड्यात मात्र सारा हादरा थेट कण्याला बसतो, कारण पायांवर भार घेऊन किंचित उठण्याची सोय तीत राहत नाही. हैदराबादहून जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करीत सोलापूर गाठणारा सुमारे तीनशे किलोमीटरचा जुना रस्ता ज्यांनी दुचाकीवरून तुळजापूरच्या ओढीने कापला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे महामार्ग रुंद झाला तेव्हाच ही बैठक त्या वाटेवर खऱ्या अर्थाने सुखाची झाली. घडण आणि रस्ता ही जोडी आहे. एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून लिहिता येत नाही.

वेगळ्या घडणीच्या वाहनांचा विषय निघाला की हैदराबादेत एक नाव टाळता येत नाही, ते म्हणजे बहादूरपुऱ्यातील सुधा कार्स म्युझियम. नेहरू प्राणिसंग्रहालयालगतचे हे संग्रहालय के. सुधाकर यांनी २०१० साली लोकांसाठी खुले केले. शाळकरी वयापासून भंगारातून वाहने जुळवण्याचा त्यांना छंद होता. २००५ साली त्यांनी चालवून दाखवलेल्या अवाढव्य तीनचाकी सायकलीची गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. तिची उंची १२.६७ मीटर आणि चाकाचा व्यास पाच मीटरहून अधिक. संग्रहालयात वांग्याच्या, बुटाच्या, क्रिकेटच्या बॅटीच्या, पलंगाच्या आकाराच्या मोटारी आहेत. पाळण्यातल्या खेळण्याएवढ्या मोटारसायकली आहेत. आणि धूम्रपानाविरुद्ध प्रचार करणारी सिगारेटच्या आकाराची दुचाकीही आहे. या गाड्या केवळ शोभेच्या नाहीत, त्या चालतात, हे विशेष.

या संग्रहाकडे नाक मुरडणारे लोक आहेत. त्यांना तो जत्रेतला खेळ वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. हात, भंगार आणि जिद्द यांच्या बळावर वाहन घडवता येते, हे शाळेच्या मुलांना येथे जितके लख्ख दिसते, तितके ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिसणार नाही. तरीही एक भेद स्पष्ट करायला हवा. वांग्याच्या आकाराची मोटार पाहणाऱ्याला हसवते आणि तेथेच तिचे काम संपते. प्रवासाला निघालेल्या माणसाचा कोणताही प्रश्न ती अंगावर घेत नाही. साडी गार्ड, डिझेलचे इंजिन, तिघांची लांब बैठक या गोष्टी पाहून कोणी हसणार नाही, बहुधा कोणी वळूनही पाहणार नाही. पण त्यांनी प्रश्न अंगावर घेतला होता. वेगळेपणाचे असे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराला आपल्या शहरात संग्रहालय लाभले, याचा आनंदच आहे. दुसऱ्याला ते लाभलेले नाही.

मधल्या काळात तिसराही एक प्रवाह आला. एनफील्डच्या जुन्या इंजिनाभोवती नवा सांगाडा रचून एकेकच गाडी घडवणाऱ्या कार्यशाळा निघाल्या. मुंबईत अक्षय वर्दे यांची 'वर्दंची', जयपुरात 'राजपुताना कस्टम्स' आणि आपल्या हैदराबादेत 'आयमोर कस्टम्स'. या मंडळींनी लांब चिमट्याच्या चॉपरपासून नक्षीदार टाकीपर्यंत नाना प्रकार केले. परंतु हा रस्ता कायद्याने अरुंद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने ठरवलेल्या घडणीत असे फेरफार करता येणार नाहीत, हे स्पष्ट केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने यात तथ्य आहे. मिस्त्रीने अंदाजाने कापून जोडलेला सांगाडा महामार्गावर तुटला तर जीव जातो. पण याचा परिणाम असा की गल्लीतली कल्पकता, जी आजवर आपल्याकडे घडणीची खरी शाळा होती, ती आता उघडपणे चालू शकत नाही. प्रयोगाचा अधिकार पुन्हा मोठ्या कारखान्यांकडे गेला. त्यांनी प्रदर्शनांतून संकल्पना मांडल्या. २०१८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये टीव्हीएसने 'झेपेलिन' ही २२० सीसीची, विजेच्या मोटरची जोड असलेली क्रूझर दाखवली. त्याच वर्षी रॉयल एनफील्डने इटलीतील मिलान येथे १९३८ च्या आपल्याच गाडीवरून स्फुरलेली 'केएक्स' ही ८३८ सीसीची संकल्पना मांडली. या गाड्या जशाच्या तशा कोणाच्या दारात आल्या नाहीत.

विजेच्या दुचाकींनी मात्र प्रश्न पुन्हा मोकळा केला आहे, आणि त्यात हैदराबाद मागे नाही. २०२० साली येथील 'ॲटुमोबाइल' ने 'ॲटम' नावाची हलकी, जुन्या धाटणीची विजेवरची दुचाकी आणली. २०२१ साली येथीलच 'ग्रॅव्हटन' च्या 'क्वांटा' ने कन्याकुमारीहून लडाखमधील खारदुंग ला पर्यंत ४,०११ किलोमीटरची मजल, वाटेत बॅटऱ्या बदलत, साडेसहा दिवसांत पुरी केली. इंजिन, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी या तीन गोष्टी गेल्या की माणसाला कोठे बसवायचे हे नव्याने ठरवता येते. शंभर वर्षांपूर्वी नेरॅकरने जो प्रश्न विचारला, त्याला आता पुन्हा जागा झाली आहे. उद्याच्या आरेखकाला मागची उत्तरे तपासून पाहावी लागतील. ती त्याला कोठे सापडतील?

येथे आम्ही मूळ मुद्द्यापाशी येतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्याचे शुल्क २०२२ पासून वाढले आहे. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या दुर्मीळ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ घडणीत फारसा बदल न केलेली गाडी त्यानुसार वेगळी नोंदता येते. हेतू स्तुत्य आहे. पण पंधरा आणि पन्नास यांच्यामधल्या पस्तीस वर्षांचे काय? डिझेल बुलेट, एलिमिनेटर, अक्विला या सगळ्या आज त्याच दरीत आहेत. त्या रोजच्या वापरासाठी जुन्या झाल्या आणि वारसा ठरण्यासाठी अजून कोवळ्या आहेत. शिवाय ज्या गाडीला घरच्या गरजेप्रमाणे मिस्त्रीने लांब बैठक केली, टाकीपुढे गादी बसवली, ती मूळ घडणीची राहिली नाही म्हणून पन्नाशी गाठूनही अपात्र ठरण्याचा धोका आहे. म्हणजे जो बदल आपल्या कुटुंबजीवनाची साक्ष देतो, तोच तिला इतिहासातून बाद करतो. सालारजंगांसारखा हौशी संग्राहक ज्या शहरात होऊन गेला, त्या शहरातही राणीगंजात सुटे भाग विकायला जाणारी गाडी कोणी थांबवीत नाही.

गाडी ठेवणे प्रत्येकाला शक्य नाही, हे आम्ही जाणतो. बैठ्या घरांच्या जागी सदनिका आल्या. वाहनतळावर एका गाडीपुरती जागा मिळते, आणि ती चालत्या गाडीलाच द्यावी लागते. पण गाडीची नोंद ठेवायला जागा लागत नाही. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा येथील जुन्या मराठी कुटुंबांना आमची एवढीच विनंती आहे. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी गाडीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बैठकीची उंची आणि लांबी टेपने मोजून लिहावी. कोणता भाग कारखान्याचा आणि कोणता मिस्त्रीने केलेला, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपावे. तिच्यावर कोण कोठे बसत असे, तेही त्यात असावे. जुने नोंदणी पुस्तक, विम्याचा कागद, ऑल्विनची पावती यांतले जे घरात असेल ते फाडू नये. आपल्या पिढ्यांनी निजामी कागदपत्रे, मोडीतले हिशेब आणि इनामांच्या सनदा ट्रंकांत जपल्या. हा कागदही त्याच ट्रंकेतला आहे.

निजामांची सिंहासन-गाडी जपली गेली, कारण तिच्यावर राजाची बैठक होती. पुष्पकवर पाच जणांची होती. पाच जणांना दोन चाकांवर बसवून सुखरूप तुळजापूरला नेणे ही घडणीच्या दृष्टीने अधिक अवघड कामगिरी होती, आणि ती कोणी केली, कशी केली, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम या वर्षीच हाती घेतले पाहिजे.